टर्बो गाडीचा रेग्युलेटर: रंग नको, माप बघा

टर्बो गाडीची ताकद वाढवून घेण्याची हौस आपल्या व्यापारी बांधवांच्या मुलांत बरीच वाढली आहे. हे काम करणारे पुष्कळ मिस्त्री या पानाचे वाचक आहेत. हौसेला आमची हरकत नाही. हरकत आहे ती बाजारातला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर घेण्याच्या पद्धतीला. लाल-निळ्या रंगाचा चकचकीत नग काउंटरवर ठेवला की गिऱ्हाईक भाव विचारते, दुकानदार भाव सांगतो, सौदा होतो. गाडी कोणती, पंप केवढा, हे कोणी विचारतच नाही. आम्ही कपड्याच्या धंद्यातले. पन्हा आणि सुताचा नंबर न सांगता थान विकणाऱ्याला आमच्याकडे कोणी व्यापारी म्हणत नाही.

या नगाचे काम साधे आहे. आत एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. रेलमधील पेट्रोलचा दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा वाढला की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल टाकीत परत जाते. टर्बोची गोष्ट मात्र निराळी. समजा दाब 3 बार ठेवला आहे आणि टर्बोने मॅनिफोल्डमध्ये 1 बार हवा कोंबली. ती हवा इंजेक्टरच्या तोंडावर उलटी दाबते, म्हणजे पेट्रोल ढकलायला उरले 2 बार. हिशेब केला तर पेट्रोल शेकडा 18 ने कमी पडते, तेही नेमके इंजिनाला जास्त हवे असताना. मग ठोके बसतात आणि पिस्टन वितळतो. म्हणून रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली हवी आणि प्रमाण एकास एक हवे: हवा 1 बार वाढली की पेट्रोलचा दाबही 1 बार वाढावा.

काही नग एकास चार, एकास सहा असे दाब वाढवतात. मूळ इंजेक्टर तसेच ठेवून टर्बो मागाहून बसवलेल्या गाड्यांसाठी ही जुनी युक्ती होती. दाब फार चढला की पंपाचा पुरवठा घटतो आणि इंजेक्टर नीट उघडत नाहीत. आमच्या मते त्या पैशात योग्य मापाचे इंजेक्टर घ्यावेत.

आणि पुष्कळ गाड्यांना हा नग लागतच नाही. ह्युंदाईचे 1.0 टर्बो जीडीआय, फोक्सवॅगन-स्कोडाचे 1.0 टीएसआय ही इंजिने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात. तिथे दाब शंभर बारच्या वर जातो आणि तो कॉम्प्युटर सांभाळतो. अशा गाडीवाल्याला हा नग विकणे म्हणजे सरळ फसवणूक. जुन्या ऑक्टाव्हिया 1.8 टर्बोसारख्या गाडीतही पंप आणि इंजेक्टर मूळचेच असतील तर कंपनीचा रेग्युलेटर पुरतो. ‘तुम्हाला गरज नाही’ असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार त्या दिवशी चार पैसे गमावतो, पण तेच गिऱ्हाईक पुढे दहा जणांना घेऊन येते.

गरज असेलच, तर पंपाचे माप आधी सांगा. मोठ्या पंपाला लहान भोकाचा रेग्युलेटर किंवा परतीची अरुंद नळी दिली, तर स्क्रू कितीही सैल करा, दाब खाली येत नाही. दुसरे, आत रबर कोणते ते विचारा. आज पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. साधे रबर त्यात फुगते, चिरते. पडदा फाटला की पेट्रोल हवेच्या नळीतून इंजिनात शिरते. जोडाचे रबर गेले तर ते गरम इंजिनावर गळते. पुढचे सांगायला नको. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला सर्रास मिळतात. पेटीवरचे नाव हुबेहूब असते, खोट असते ती या रबरात. म्हणून ज्याचा पडदा आणि सील सुटे मिळतात, असाच नग पक्क्या बिलावर घ्यावा.

मिस्त्री बांधवांना दोन शब्द. दाब लावताना इंजिन आयडलवर ठेवा, हवेची नळी काढून तिचे तोंड बंद करा, मग 3 बार लावा. नळी जोडल्यावर काटा थोडा उतरतो. ते बरोबरच आहे, पुन्हा स्क्रू पिळू नका. कार्बोरेटरची स्वस्त नळी इथे चालत नाही, इंजेक्शनच्या दाबाचीच हवी. आणि गाडी देण्यापूर्वी इंजिन चांगले तापवून प्रत्येक जोडावरून कोरडे फडके फिरवा.