आटे पाडण्याची हत्यारे : थोडी, पण खात्रीची

कोलकात्याहून हुगळी ओलांडली की हावड्यास बेलिलियस रोडच्या परिसरात लेथचे लहान लहान कारखाने दिसू लागतात. लहान कारखानदारास जो हिशेब करावा लागतो, तोच घरी कर्मशाळा थाटणाऱ्यासही करावा लागतो : पैसा थोडा, मग हत्यार कोणते घ्यावे?

बाजारात टॅप व डाय यांची भरगच्च पेटी स्वस्तात मिळते. तिचा मोह आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. हलका टॅप भोकातच तुटला, तर साध्या ड्रिलने तो निघत नाही. मग टॅपच्या किमतीबरोबर अनेक तासांचे कामही वाया जाते.

त्यापेक्षा हायस्पीड पोलादाचे एम ४, एम ६ व एम ८ एवढेच टॅप, जोडीच्या डायसह घ्यावेत. भोकाचा हिशेब सोपा आहे : व्यासातून लगतच्या दोन आट्यांमधील अंतर वजा करावे. एम ६ साठी ते अंतर १ मि.मी.; म्हणून भोक ५ मि.मी.चे.

जुन्या यंत्रांवर मात्र व्हिटवर्थचे आटे आढळतात. १८४१ साली मांडल्या गेलेल्या त्या प्रमाणात आट्याचा कोन ५५ अंश, तर मेट्रिकमध्ये ६० अंश असतो. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट एम ६ सारखा भासतो. पण बळजबरीने बसविल्यास आटे बिघडतात. तेव्हा आधी मोजावे, मगच खरेदी करावी. आणि वाचलेल्या पैशांतून चांगले ड्रिल व तेलाची कुपी घ्यावी.