टक्के किती, डॉक्टर?

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून दवाखान्यांच्या पाट्या वाचत चाललेल्या माणसाच्या काखेत सीटी स्कॅनचे मोठे पाकीट दिसले, की त्याच्या घरात काय चालले असेल याची कल्पना येते. असेच पाकीट घेऊन मध्यंतरी एक भाऊ-बहीण माझ्याकडे आले. वडील साठी ओलांडलेले, शेतकरी. महिनाभर कावीळ, अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढुरके, पोटात दुखणे मात्र नाही. पहिले तीन आठवडे झाडपाल्याच्या औषधात गेले. मग तपासणी झाली आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका आतड्यात जेथे उघडतात त्या मुखाशीच लहानशी गाठ आढळली. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. थोरल्या मुलाचा प्रश्न एकच होता : “धोका किती टक्के, तेवढं सांगा डॉक्टर. आकडा कळला की आम्ही ठरवतो.” वडील कोठे आहेत, असे विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ते खाली गाडीत बसले होते. त्यांना केवळ ‘पित्ताचा खडा’ असे सांगण्यात आले होते.

या प्रश्नामागची भीती समजण्यासारखी आहे. २०१९ साली गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हापासून या अवयवाचे नाव उच्चारताच घरातली माणसे धीर सोडतात. म्हणूनच हा टक्क्यांचा आकडा कोठून येतो आणि त्याचा अर्थ काय घ्यावा, हे नीट पाहू.

ही शस्त्रक्रिया ‘व्हिपल’ या नावाने ओळखली जाते. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत स्वादुपिंडाचा शिरोभाग, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुधा जठराचा थोडा भाग काढतात. मग स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर ही तिन्ही पुन्हा आतड्याला जोडतात. यांतला पहिला जोड सर्वांत नाजूक. स्वादुपिंडाचा रस अन्न पचवण्यासाठीच निर्माण झालेला असतो. जोडातून तो पोटात झिरपला, तर भोवतालच्या ऊतींनाही पचवू लागतो. त्यातून पू होतो आणि क्वचित रक्तवाहिनी झिजून रक्तस्राव होतो. उपचार करावे लागतील अशी गळती अनुभवी केंद्रांतही शंभरांतील सुमारे दहा ते वीस रुग्णांत होते. त्यांतील बहुतेक जण उपचारांनी बरे होतात; रुग्णालयातला मुक्काम मात्र लांबतो.

ही गळती कोणाला होईल, याचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकी शस्त्रवैद्यांनी २०१३ साली शून्य ते दहा गुणांची एक पद्धत मांडली. तीत चार गोष्टींना गुण देतात : स्वादुपिंड मऊ आहे की घट्ट, त्याची नलिका किती मिलिमीटर रुंद आहे, मूळ आजार कोणता आहे आणि शस्त्रक्रियेत रक्त किती गेले. शून्य म्हणजे धोका नगण्य. सात व त्यापुढे मोठा. २०१९ साली युरोपातून याचेच सुटसुटीत रूप आले. त्यात ग्रंथीचा मऊपणा आणि नलिकेची रुंदी यांच्या जोडीला उंचीच्या मानाने असलेले वजन धरतात.

या यादीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, यातले पुष्कळसे प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळीच कळते. नलिकेची रुंदी स्कॅनवर दिसते. पण ग्रंथीचा मऊपणा हाताला लागावा लागतो आणि रक्त किती जाईल हे आधी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून दवाखान्याच्या टेबलावर मिळणारा आकडा हा कच्चा अंदाज असतो.

दुसरी गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. मऊ स्वादुपिंड म्हणजे बहुधा निरोगी स्वादुपिंड! पण मऊ लोण्यात टाका धरत नाही, तशीच गत येथे होते. स्वादुपिंडाच्याच कर्करोगात किंवा जुनाट दाहात ग्रंथी घट्ट व नलिका रुंद झालेली असते. तेथे टाका पक्का बसतो. उलट नलिकांच्या मुखाशी असलेल्या लहान गाठीत ग्रंथी अनेकदा मऊच असते. म्हणजे ज्या आजारात पुढील आयुष्याची आशा अधिक, त्यातच गळतीचा धोका अधिक असू शकतो. गुण जास्त आले म्हणून ‘आता काही उरले नाही’ असे समजणारे कुटुंब बरे होण्याची संधी स्वतःच्या हाताने दूर लोटते.

आकड्याचा अर्थ कसा घ्यावा, हे कोल्हापूरकरांना वेगळे शिकवायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ फुटांवर आले, की नदीकाठची माणसे जनावरे सोडवतात, धान्य माळ्यावर चढवतात. घर बुडणारच असे ती पातळी सांगत नाही. तयारीला लागा, एवढेच सांगते. धोक्याचे गुणही तेवढेच सांगतात. गुण अधिक असतील, तर शस्त्रवैद्य पोटात नळ्या ठेवण्याचा आणि अतिदक्षता विभागातील मुक्कामाचा विचार आधीच करून ठेवतात.

नदीची पातळी एकदाच मोजून भागत नाही, येथेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी किंवा त्यापुढे नळीतून येणाऱ्या द्रवातील अमायलेज रक्तातील कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक असेल, तर गळतीचा संशय घेतात. नेदरलँड्समधील सतरा केंद्रांनी १,७४८ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रोज ठरावीक लक्षणे व रक्ततपासण्या पाहून, स्कॅन केव्हा करायचा आणि पू केव्हा काढायचा हे नियमाने ठरवल्यावर, नव्वद दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शंभरात पाचावरून तिनावर आले. शस्त्रक्रिया तीच होती. पहारा अधिक दक्ष होता.

म्हणून ‘टक्के किती’ याच्या आधी ‘कोठे’ हा प्रश्न विचारावा. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ही शस्त्रक्रिया क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत शंभरांतील सुमारे सोळा ज्येष्ठ रुग्ण दगावले, तर ती वारंवार होणाऱ्या ठिकाणी सुमारे चार. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे व त्यांचे सहकारी ही शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे करीत आले आहेत आणि तिच्या गुंतागुंतींवर त्यांनी लिहिलेही आहे. अशा ठिकाणी जाण्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने एक रात्र प्रवास करावा लागला, तर ती रात्र वाया गेली असे समजू नये. जवळ अनुभवी चमू असेल, तर उत्तमच.

काही गोष्टी मात्र घरच्यांच्याच हाती आहेत. कावीळ म्हटली की आपल्याकडे रुग्णाला नुसत्या पेजेवर आणि उसाच्या रसावर ठेवतात. त्याने वजन व ताकद दोन्ही घटतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने अंडी, डाळी, दूध, मासे यांतून प्रथिने द्यावीत. तंबाखू व विडी त्याच दिवशी बंद करावी. रोज चालावे, तीन चेंडू वर ओढण्याच्या यंत्रावर श्वासाचा सराव करावा, मधुमेह आटोक्यात ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर ताप, नाडीची धडधड, वाढते पोटदुखणे, थांबत नसलेली उलटी किंवा काळे शौच दिसल्यास त्वरित कळवावे. नळीतून थोडेसे रक्त आले, तरी ‘सकाळी सांगू’ म्हणू नये. मोठ्या रक्तस्रावाच्या आधी कधी कधी असा लहानसा इशारा मिळतो.

शस्त्रवैद्यांना विचारण्यासाठी हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत : आपल्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? रात्री गुंतागुंत उद्भवली, तर स्कॅन, रक्तवाहिनीतून रक्तस्राव थांबवणारे तज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग उपलब्ध असतो का? आमच्या रुग्णाचा धोका कशामुळे अधिक आहे आणि त्यातले काय कमी करता येईल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ येथे मिळेल का?

त्या दिवशी मुलाला मी आकडा लगेच सांगितला नाही. आधी वडिलांना वर बोलावून घेतले. पोट त्यांचे, तेव्हा धोकाही त्यांचा. दोन्ही बाजू त्यांनी शांतपणे ऐकल्या आणि मुलाकडे वळून म्हणाले, “खडा न्हाई, हे मला आधीच कळलं होतं.” मग त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि पहिला प्रश्न स्वतःच्या हाताने लिहिला.