लाल मिरचीचं वाळवण गावात होऊ द्या

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य



हंगामात नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते. लिलाव होतो, माल व्यापाऱ्याकडे जातो आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर उन्हात पसरला जातो. मिरचीचं मोल वाढतं ते तिथे. पिकवणारा मात्र ओला माल विकून केव्हाच घरी परतलेला असतो.

मी मिरची पिकवते आणि त्यातली थोडी वाळवून, दळून विकते. ओल्या मिरचीत ७० ते ८० टक्के पाणी असतं. साधारण चार किलो वाळवली की किलोभर हाती येते, आणि त्यासाठी दहा-पंधरा दिवस कडक ऊन लागतं. लहान शेतकऱ्याकडे ना तेवढी जागा, ना तेवढी उसंत. तोडणीची मजुरी त्याच दिवशी द्यायची असते, खताची उधारी थकलेली असते. मग मिळेल त्या भावाला माल जातो.

पथाऱ्यांवरही जोखीम आहेच. अवकाळी पाऊस आला की ताडपत्री टाकेपर्यंत माल भिजतो. भिजलेल्या मिरचीचा रंग उतरतो, तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. दळून ते जात नाही. म्हणूनच पुडीतला ओलावा ११ टक्क्यांच्या आत हवा आणि पूड पाकीटबंदच विकावी, असे अन्नसुरक्षेचे नियम आहेत. नियम योग्य आहेत. आमचीही मुलं हेच तिखट खातात. नियम पाळण्याची सोय मात्र गावात हवी.

२०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांसाठी ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. त्यातून चक्की घेता येते. पण तिखटाचा दर्जा चक्कीत शिरण्याआधीच, वाळवणात ठरतो. आणि वाळवणाची सोय एकट्यादुकट्याला परवडत नाही.

म्हणून तीन मागण्या आहेत. मिरची पिकवणाऱ्या गावांत सिमेंटचे ओटे आणि वर पारदर्शक छत असलेली सौर वाळवणघरं बांधा. अन्नप्रक्रिया योजनेतली सामायिक सुविधांची तरतूद आधी त्यांच्यासाठी वापरा. ही वाळवणघरं महिला बचत गटांच्या ताब्यात द्या. पथाऱ्यांवर हातांची आग सोसत देठ खुडणाऱ्या, माल निवडणाऱ्या आदिवासी बायकांना हे काम पुरतं ठाऊक आहे; त्यांना मजुरीबरोबर नफ्यातही वाटा मिळू दे. आणि बाजार समितीत ओलावा मोजण्याची व अफ्लाटॉक्सिन तपासण्याची सोय परवडेल अशा दरात करा, म्हणजे चांगल्या मालाला चांगला भाव मागता येईल.

पुढच्या तोड्याआधी निदान एका गावात सुरुवात करा. जागा आणि माणसं आम्ही देऊ.

आपली,
नंदुरबार तालुक्यातील एक मिरची उत्पादक