देवतेची मुद्रा आणि चांदीचा कस



हाती आलेला रुपया फरशीवर वाजवून मगच गल्ल्यात टाकण्याची आपल्या वाडवडिलांची रीत होती. खऱ्याखोट्याची हीच चिंता सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरीच्या बाजारपेठेलाही होती.

प्राचीन ग्रीक नगरे आपापल्या चांदीच्या नाण्यांवर देवदेवतांच्या प्रतिमा उमटवीत. करिंथच्या नाण्यावर पंखधारी अश्व असे, सिरॅक्यूजच्या नाण्यावर डॉल्फिनांनी वेढलेली जलदेवता अरेथुसा, तर पुढे अलेक्झांडरच्या नाण्यावर सिंहासनस्थ झ्यूस आला. अथेन्सचे चार द्राख्मांचे नाणे सुमारे १७ ग्रॅम वजनाचे. त्याच्या एका बाजूस नगरदेवता अथेना व दुसऱ्या बाजूस तिचे घुबड असे. लोक या नाण्यांना ‘घुबडे’ असेच म्हणत. लॉरियनच्या खाणींतील शुद्ध चांदीमुळे दूरदेशीचे व्यापारीही ती निःशंकपणे स्वीकारीत.

पुढे स्पार्टाशी दीर्घ युद्ध झाले. खाणींतून राबणारे गुलाम पळून गेले, चांदी आटली. तेव्हा इ. स. पूर्व ४०६ च्या सुमारास प्रत्यक्ष नगरराज्यानेच तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली. वर अथेना तीच, घुबडही तेच. आत मात्र तांबे! नाटककार अॅरिस्टोफेनिसने रंगभूमीवरून या हीन नाण्यांची थट्टा केली.

एकदा डळमळलेला विश्वास सावरण्यास कायदा करावा लागतो. इ. स. पूर्व ३७५ च्या सुमाराचा असा एक कायदा अथेन्समध्ये शिलालेखाच्या रूपाने १९७० साली सापडला. त्यानुसार सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी पारखी बसे. नाणे आत तांब्याचे वा शिशाचे निघाले, तर तो ते तत्काळ कापून टाकी व ते देवमातेच्या ठेवीत जमा होई. खरे ठरलेले नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवसाचा माल जप्त होई. पारख्याने कर्तव्यात कसूर केल्यास त्याला पन्नास फटके बसत. हा पारखी स्वतः नगरीचा गुलाम होता! त्या चांदीच्या मुळाशी गुलामांचे कष्ट होते आणि तिच्या शुद्धतेची ग्वाही देणाराही गुलामच, ही गोष्ट अहिंसेच्या उपासकाच्या मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

याच ‘द्राख्मा’पासून आपल्याकडे ‘द्रम्म’ व पुढे ‘दाम’ हा शब्द रूढ झाला. शब्द परदेशातून आला. परंतु दामाविषयीचा विवेक आपल्या आचार्यांनी स्वतंत्रपणे सांगितला आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यांत खोट्या मापांच्या जोडीला ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलच्या नावाखाली नक्कल खपविणे, हाही गणला आहे.

आता नाणे वाजवून पाहण्याचे दिवस गेले. तथापि दिवाळीस नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण श्रद्धेने भगवंतांचे नाव लिहितो. अथेन्सच्या नाण्यावरील अथेनेसारखेच ते नाव वर शोभत असते. पुढच्या पानांवरील वजन, भाव आणि मालाची प्रत यांत मुलामा असेल, तर ग्राहकापूर्वी आपला आत्माच ते जाणतो. तेथे बाहेरचा पारखी नेमावा लागत नाही. प्रतिक्रमणाच्या वेळी त्या दिवसाच्या व्यवहाराचीही आलोचना केली, तर ते व्रत आपल्या पेढीवरही पाळले जाईल.