पावसाळ्यापूर्वीचे कर्तव्य

रोहिणी नक्षत्र सरत आले की वऱ्हाडातील शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. शेतमजूर आपल्या घरावरील टिनाकडे पाहतो. टिनावर ठेवलेले दगड पुरतील काय, नाल्याकडची भिंत यंदा तग धरील काय, हेच त्याचे पंचांग होय. तरीही पाऊस दारात येऊन उभा राहीपर्यंत आपल्या वस्त्यांतून तयारी अशी होत नाही. या उणिवेविषयी आज आम्हांस चार स्पष्ट शब्द लिहावयाचे आहेत.

अमरावती आणि अकोला हे जिल्हे समुद्रापासून दूर. त्यामुळे वादळ ही किनाऱ्यावरील लोकांची आपत्ती, आपली नव्हे, अशी समजूत रूढ आहे. परंतु बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे मध्य भारत ओलांडून विदर्भावर येतात आणि अतिवृष्टी करून जातात. गाविलगडच्या डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या नद्यांचा लोंढा पूर्णेच्या सपाट खोऱ्यात येऊन पसरतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने अमरावती जिल्ह्याच्या सीमेलगतचे, नागपूर जिल्ह्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी अकोला शहरात काठच्या वस्त्यांत शिरले. ९ एप्रिल २०२३ रोजी तर पावसाळा लागलाही नव्हता. त्या दिवशी अकोला जिल्ह्यातील पारस येथे देवस्थानाच्या टिनाच्या शेडवर जुना कडुलिंब वादळाने कोसळला आणि शेडखालची ७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या श्रद्धेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. वादळात मोठ्या झाडाखालील टिनाची शेड हा आसरा नव्हे, एवढाच धडा त्यातून घ्यावयाचा.

निसर्ग जात पाहत नाही हे खरे. परंतु कोणी कोठे राहावयाचे हे या देशात निसर्गाने ठरविलेले नाही. गावाबाहेरची, नदीनाल्याच्या काठची, खोलगट जागा अस्पृश्यांच्या वाट्यास आली ती समाजव्यवस्थेने दिली. पाणी उतार शोधते आणि तो उतार बहुधा आपल्या वस्तीकडे असतो. जे मनुष्यांनी ठरविले ते दैव म्हणून सोसण्याचे कारण नाही. ते बदलण्याची खटपट दीर्घकाळ चालेल. तोवर घराघरातून जे करता येण्याजोगे आहे ते मृगाच्या आत झालेच पाहिजे.

प्रथम छप्पर. दगड ठेवून टिन राहत नाही. वाऱ्याने टिन उचलले की तोच दगड निजलेल्या मुलाच्या अंगावर येतो. टिने आकड्याच्या बोल्टांनी लाकडाशी वा लोखंडी नळीशी कसून घ्यावीत. घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या परवानगी घेऊन तोडून घ्याव्यात. काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते, म्हणून मातीच्या भिंतीलगत पाणी तुंबू देऊ नये. चर खणून ते बाजूस काढावे. धान्य व सरपण उंचावर ठेवावे. अकोला व अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्यास निरुपयोगी असते आणि पुरात नळयोजनाही बंद पडते. यास्तव दोन-तीन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून भरून ठेवणे अगत्याचे आहे. घरात पाणी शिरू लागताच विजेचा मुख्य खटका बंद करावा. गुरांची दावी सोडून द्यावीत. बांधलेले जनावर पोहू शकत नाही. पुराबरोबर साप घरात येतो. दंश झाल्यास मांत्रिकाकडे नेऊन वेळ दवडू नये, रुग्णालय गाठावे. त्यावरील लस तेथेच मिळते.

विजेविषयी विशेष सांगणे आहे, कारण तिचा घाला शेतात राबणाऱ्यावर पडतो. निंदणाला गेलेल्या बाया पाऊस येताच झाडाखाली धावतात, आणि झाड हेच विजेचे पहिले लक्ष्य असते. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा कोसांवर नाही, जवळ आहे असे समजावे व पक्क्या घरात जावे. ते शक्य नसेल तर मोकळ्यावर, पाय जोडून, उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन विजेची पूर्वसूचना देते. वस्तीतील एका तरुणाने ते पाहावे आणि शेतातील बायांना वेळीच कळवावे, एवढी व्यवस्था अवघड नाही. मजुरांस अशा वेळी काम थांबवू देणे हे शेतमालकाचेही कर्तव्य आहे.

आता तयारीच्या त्या भागाकडे वळू, ज्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. तो म्हणजे कागद. घर पडल्यावर पंचनामा होतो आणि शासकीय निकष विचारतात की घर अधिकृत होते काय. ज्याच्याजवळ ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा नाही, त्याचे घर पडूनही कागदावर पडत नाही. ग्रामीण भागात शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ साली घेतला. त्यासाठी अर्ज करणे, पोच घेणे आणि पाठपुरावा करणे हीदेखील पुराविरुद्धची भिंतच होय. उतारा, जातीचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून हाताशी ठेवावे. घराचे छायाचित्र आजच काढून ठेवावे. वीज पडून वा पुरात मृत्यू झाल्यास वारसास ४ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. परंतु शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला तर तो हक्क बुडतो. दुःखाच्या घडीस हे सांगणे कठोर वाटेल, म्हणूनच ते आधी सांगत आहोत.

हक्क हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना निवाऱ्यात आणि मदतवाटपात दूर लोटल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ मदत व नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. पंचनाम्याचे पथक गावात येऊन आपल्या वस्तीत न येताच परतले, तर हे कलम लिहून तहसीलदारास अर्ज द्यावा. हात जोडून मागितलेली मदत उपकार ठरते. कायद्याचे नाव घेऊन मागितलेली मदत आपला वाटा असतो.

पूर ही ईश्वरी इच्छा मानून स्वस्थ बसणे बाबासाहेबांस मान्य नव्हते. १९४३ साली दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले आणि पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या योजनेस चालना दिली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा त्यांनी जो विचार केला, तो आपण निदान आपल्या नाल्यापुरता करावयास नको काय?

त्यासाठी साधन आपल्याजवळच आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचनासाठी लोक जमतात. पुराचे महिनेही तेच. विहारात वाचनापूर्वी दहा मिनिटे हवामानाची सूचना सांगावी. वस्तीत वृद्ध, अपंग व बाळंतीण कोण आहेत, त्यांना कोणी उचलून न्यावयाचे, उंचावरील कोणत्या शाळेत जमावयाचे, हे नावानिशी ठरवून भिंतीवर लिहावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा. भगवान बुद्धांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादाची, म्हणजे दक्षतेची, शिकवण दिली. वर्षावासात दक्षतेचे पाठ ऐकणाऱ्या वस्तीने पुराच्या रात्री बेसावध सापडावे, हे शोभणारे नाही.

मृगास थोडेच दिवस उरले आहेत. येत्या रविवारी प्रत्येक वस्तीने बैठक घ्यावी आणि कामे वाटून घ्यावीत, एवढीच आमची विनंती आहे.