छाटणीपूर्वी एक नजर

वैशाखाचा ताप वाढला की शहरांतील गृहसंकुलांना पावसाळ्याची आठवण होते आणि आवारातील झाडांची छाटणी निघते. वादळात कोसळू शकणाऱ्या फांद्या वेळीच उतरवणे आवश्यक असते. परंतु याच महिन्यांत बागेतील अनेक पक्ष्यांची वीण चालू असते. कुऱ्हाड चालवणाऱ्याला फांदी दिसते. तिच्यावरचे घरटे बहुधा ती जमिनीवर पडल्यानंतर दिसते.

घरटे न दिसणे स्वाभाविक आहे, कारण ते दिसू नये अशीच त्याची रचना असते. शिंपी हा चिमुकला पक्षी रुंद पानांच्या कडांना चोचीने भोके पाडतो, कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तंतू त्यांतून ओवतो आणि पानांची पिशवी शिवून तिच्यात घरटे मांडतो. शिंजिराचे लोंबते घरटे जाळी-जळमटे आणि सालींचे कपटे यांनी असे मढवलेले असते, की पाहणाऱ्याला तो अडकलेला कचराच वाटावा. झाडलोट करताना ते हमखास ओढून काढले जाते. तांबट वाळलेल्या फांदीत गोल भोक कोरतो, आणि छाटणीत पहिला क्रमांक वाळलेल्या फांदीचाच लागतो. जुन्या वृक्षाच्या ढोलीत दिवसभर निजणारा पिंगळा तर संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून घरटे शोधण्यापेक्षा पक्ष्याच्या हालचाली पाहाव्यात. पहाटेची वेळ यासाठी उत्तम. एका जागी अर्धा तास शांत बसले तरी बाग बोलू लागते. दयाळ उंच शेंड्यावरून गातो, तांबटाची ‘टुक् टुक्’ सुरू होते, खार फांदीवरून फांदीवर पळते, कुंपणाच्या कडेने एखादे मुंगूस सरकून जाते. चोचीत कापूस वा काडी घेऊन एखादा पक्षी पुन्हा पुन्हा एकाच झुडपात शिरत असेल, तर तेथे बांधकाम चालू आहे. चोचीत अळी असेल, तर तेथे पिल्ले आहेत. मात्र अळी घेतलेला पक्षी घरट्यात न शिरता जवळच बसून ओरडत राहिला, तर पाहणाराच फार जवळ आला आहे असे समजावे आणि मागे सरावे. पाने बाजूला करून डोकावणे, छायाचित्रासाठी फांदी वाकवणे किंवा प्रकाशझोत टाकणे घातक ठरते. उघडे पडलेले घरटे कावळ्याला आणि भारद्वाजाला लगेच सापडते.

अशा पाहणीतून मोठे ज्ञानही उभे राहते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी सुगरणीच्या विणीचा प्रसिद्ध अभ्यास अलिबागजवळील किहीम येथे, मुक्कामाच्या घराजवळील घरट्यांवर नजर ठेवून केला. नर अर्धवट घरटे विणतो आणि मादी पारखून त्यात राहायला येते, हे त्यांनी चिकाटीच्या निरीक्षणातून दाखवले.

घरटे आढळले तर किती काळ थांबावे लागते? शिंप्याची अंडी सुमारे १२ दिवसांत फुटतात आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत पिल्ले उडून जातात. म्हणजे महिनाभराचा प्रश्न असतो. तेवढी एक फांदी तेवढ्या काळापुरती राखली, तर उरलेल्या कामात अडथळा येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची व घरट्यांची नासधूस ‘शिकार’ या संज्ञेत मोडते, हेही व्यवस्थापन समितीच्या ध्यानी असावे.

पक्ष्यांना दाणे घालण्याची प्रथा जुनी आहे. परंतु शिंपी, दयाळ, नाचरा हे कीटकांवर जगणारे पक्षी दाण्याला शिवत नाहीत, आणि धान्य टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवते. त्यांना हवा असतो फवारणीपासून वाचलेला झुडपांचा कोपरा, थोडा पालापाचोळा आणि रोज धुऊन भरलेले उथळ पाण्याचे भांडे. छाटणीचा दिवस ठरला की आदल्या दोन-तीन सकाळी घरातील एका थोराने आणि एका लहानाने मिळून झाडांखाली बसावे. जेथे ये-जा दिसेल त्या फांदीला रंगीत दोरा बांधावा, आणि तो सोडण्याचा अधिकार उडून गेलेल्या पिल्लांनाच असावा.