सर्वांवर पाळत : शक्य काय, अशक्य काय?

सरकार कोट्यवधी नागरिकांवर एकाच वेळी पाळत ठेवू शकेल काय, असा विषय निघाला की ‘एवढे कोण ऐकत बसणार?’ असे म्हणून आपण तो हसण्यावारी नेतो. एके काळी हे उत्तर योग्य होते. पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस खात्यात १९८९ साली सुमारे ९१ हजार पगारी माणसे होती, शिवाय त्यांच्या जवळजवळ दुप्पट खबरे. आणि देशाची लोकसंख्या अवघी १.६ कोटी! माणसावर नजर ठेवण्यास माणूसच लागत असे.

आज तो लागत नाही. दूरध्वनीवरील आवाज साठविण्यास सेकंदाला साधारण एक किलोबाइट पुरते. १४० कोटी भारतीय रोज सरासरी दहा मिनिटे बोलतात असे गृहीत धरू. प्रत्येक संभाषणात दोघे असतात, म्हणजे दिवसाचे ४२० टेराबाइट झाले. वीस टेराबाइटच्या एकवीस डिस्क! दवाखान्यातील औषधांच्या एका कपाटात त्या सहज मावतील.

मात्र साठविणे निराळे आणि त्यातून गुन्हेगार हुडकणे निराळे. हे आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांना वेगळे सांगावयास नको. लाखात एक माणूस घातकी आहे आणि त्याला ओळखणारी चाचणी ९९ टक्के अचूक आहे असे समजा. १४० कोटींतील १४ हजार घातक्यांपैकी बहुतेक सापडतील खरे, पण त्यांच्यासोबत सुमारे १.४ कोटी निरपराध ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. अशी स्क्रीनिंग टेस्ट आपल्यापैकी कोणी स्वीकारील काय? अमेरिकेत सर्व नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरसकट गोळा होत असल्याचे २०१३ साली स्नोडेन यांनी उघड केले. त्या योजनेमुळे दहशतवादाच्या एकाही तपासाला निर्णायक मदत झाल्याचे तेथील सरकारी देखरेख मंडळालाच २०१४ च्या अहवालात दाखविता आले नाही.

मग हा साठा निरुपयोगी म्हणावा काय? तसेही नाही. नाव आधी ठरवून मागे शोधत गेले, तर तो फार कामाचा आहे, आणि माझी चिंता नेमकी तेथेच आहे. एखाद्याने मनोविकारतज्ज्ञांना तीनदा, नंतर रक्तपेढीला, नंतर कर्करोग रुग्णालयाला दूरध्वनी केला, एवढी यादी हाती आली की संभाषणाचा एक शब्दही न ऐकता बरेच काही कळते. रुग्णाचा केसपेपर आपण कुलपात ठेवतो. त्याने आपल्याला कधी व किती वेळा फोन केला ही नोंद दूरध्वनी कंपनीकडे असते. ती जपून ठेवण्याची किमान मुदत २०२१ मध्ये एक वर्षावरून दोन वर्षे झाली.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले. तरीही एखाद्याचे संभाषण ऐकण्याची परवानगी आपल्याकडे गृहसचिव देतात, आणि तिचा आढावाही सचिवांचीच समिती घेते. ही परवानगी न्यायाधीशाकडून घेतली जावी, आणि रुग्ण-डॉक्टर यांच्यातील संपर्काला तीत स्वतंत्र संरक्षण असावे, ही मागणी वैद्यकीय संघटनांनी लावून धरावी, असे माझे मत आहे.